तिसऱ्या मॉनिटरवरचा रस्ता

सौदीतल्या कामगार कॅम्पातली माणसं कुठलीही वस्तू दुकानातच लावून बघतात. खोकं एकदा कार्गोने कोकणात पोचलं, की बिघडलेलं बदलून द्यायला कोण येणार? म्हणून त्या शुक्रवारी दुपारच्या असरच्या नमाजानंतर दुकानं उघडली, तसा विश्वनाथ साळवी चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन खफजीच्या बाजारात आला आणि सुफियानच्या काउंटरवर ठेवून म्हणाला, "चांगला मॉनिटर याला जोडून दाखव. गेमसाठी हवाय."

सुफियान रत्नागिरीचा. "काका, तुम्ही नि गेम?" तो हसला.

"वैभवचा आहे. त्याच्या घरी पाठवायचाय."

सुफियानचं हसू मावळलं. त्याने तीन मॉनिटर काढले.

वैभव विश्वनाथच्या खोलीतला. वेल्डर, सत्तावीस वर्षांचा, सुट्टीच्या दिवशी ट्रक चालवायच्या गेममध्ये बुडालेला. त्याचा जुना पडदा बंद पडला होता. विश्वनाथने वीस वर्षं कंट्रोल रूममधले पडदे बघण्यात घालवलेली, त्यामुळे नवा घ्यायचा तो त्याच्याच पसंतीने, असा वैभवचा हट्ट. "अण्णा, तुम्ही नुसतं 'हा घे' म्हणा. मी डोळे मिटून घेतो."

अण्णांनी तीन शुक्रवार टाळले. चौथ्या शुक्रवारी वैभवने कॅम्पाच्या गेटवरून फोन केला. "आलोच, तू थांब," असं अंथरुणातूनच सांगून विश्वनाथने कूस बदलली. त्याच्यासाठी वैभवने बाजाराकडे जाणारी चारची बस सोडली. तासभर वाट बघून तो कुणाच्या तरी पिकअपमध्ये बसला, आणि पिकअप वळणावर उलटली.

बस चुकली बिचाऱ्याची, असं सगळा कॅम्प म्हणाला. विश्वनाथनेही मान डोलावली. बस का चुकली, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. वैभवच्या बहिणीला, अपेक्षालाही नाही. ती तर फोनवर म्हणाली होती, "तुम्ही त्याच्याजवळ होतात काका, तेवढंच समाधान." त्या वाक्याने त्याची झोप उडवली होती.

मेलेल्याच्या सामानाची यादी त्याच्या खोलीतल्या माणसाने करून सही द्यायची, अशी कॅम्पातली पद्धत. विश्वनाथने सतरा वस्तू लिहिल्या. अठरावी, नवा मॉनिटर, तो स्वतःच्या मनाने घालणार होता.

पहिला मॉनिटर लागला आणि गेम आपोआप उघडला. समोर ट्रकची काच, खाली स्टिअरिंग, दोन्ही बाजूंना आरसे. ट्रक हिरव्यागार झाडीत उभा होता. वाऱ्याने फांद्या हलल्या की त्यांच्यामागे पुसट सावली रेंगाळत होती.

"हा नको. चित्र मागे राहतं," विश्वनाथ म्हणाला. सवयीने त्याला जरा बरंही वाटलं.

दुसरा कडांना वळलेला, मोठा. सुफियानने केबल बदलली. झाडी गेली होती. दोन्ही बाजूंना वाळू, मधून काळा रस्ता, आणि ट्रक चालत होता. स्टिअरिंग मधूनच थोडंसं इकडे, थोडंसं तिकडे होत होतं, सराईत हाताखाली होतं तसं.

"कीबोर्डवरचा हात काढ रे."

"कीबोर्ड जोडलाच नाही, काका."

विश्वनाथने वाकून मागे बघितलं. एक वीज वायर, एक मॉनिटरची केबल. बाकी सगळी भोकं मोकळी.

"डेमो असेल," सुफियान म्हणाला. त्याने घाईघाईने केबल तिसऱ्याला लावली.

तिसऱ्यावर चित्र इतकं स्वच्छ होतं की वाळूचा कण न् कण दिसावा. ट्रकचा वेग कमी झाला. उजवीकडे राखाडी भिंत आली, वर काटेरी तार. मग निळी पाण्याची टाकी. मग तमीसची भट्टी, भाजलेल्या रोट्यांची चवड. मग गेट.

ट्रक थांबला. उजवीकडचा इंडिकेटर टिकटिकू लागला.

"ही कुठली जागा, काका?"

विश्वनाथ रोज त्याच गेटातून आत-बाहेर करत होता. त्याला भाजलेल्या पिठाचा वास आला. दुकानात तर नुसता एसी चालू होता.

ट्रकचं उजवं, ड्रायव्हरच्या शेजारचं दार उघडलं. तिथली सीट रिकामी होती.

दार उघडंच राहिलं.

आता दोनच शब्द बोलायचे होते. चूक माझी. ते घशापर्यंत आले. पण सुफियान बघत होता. रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्या कॅम्पाला कळलं असतं, आणि उद्या अपेक्षाला.

विश्वनाथने ते दोन शब्द परत गिळले.

इंडिकेटर थांबला. दार लागलं. ट्रक निघाला.

"हाच घ्यायचा ना?" सुफियानचा आवाज अगदी खाली गेला होता.

विश्वनाथचे दोन्ही हात काउंटरवर घट्ट दाबलेले होते. उजव्या आरशात गेट मागे पडत चाललं होतं, आणि गेटवर एक माणूस उभा होता. विश्वनाथच्या अंगात आज होता, तोच चौकड्यांचा शर्ट त्याच्या अंगात.

तो हात हलवून ट्रकला थांबायला सांगत होता.