घर कोणी केलं?

"तिथे पाय नको! तिथे सोफा आहे."

दारातला तो मुलगा उचललेला पाय तसाच हवेत धरून थांबला. रिकाम्या हॉलमध्ये त्याला फक्त खडूच्या रेघा दिसत असणार. पण सकाळपासून गुडघ्यांवर रांगत मी त्या आखल्या होत्या. एक जरी पुसली असती तर मी त्याचा जीव घेतला असता.

"आणि मी उभा आहे तिथे?"

"चपलांचं कपाट."

"अच्छा... आणि हे सगळं कुणाच्या घरात?"

"कामतकाकांच्या. नऊशे तीन, बी विंग."

"ही ए विंग आहे," तो म्हणाला. "घर माझं. प्रीतम सावंत... नमस्कार."

वाट लागली! दहिसरच्या त्या टॉवरमधली एका विंगची घरं दुसरीच्या बरोबर उलटी. रंगारी चहाला गेलेले, दार सताड उघडं, मी खुशाल आत शिरलेली. नकाशात डावीकडचं स्वयंपाकघर उजवीकडे निघालं तेव्हा मी शहाणीनं बिल्डरला दोन शिव्या घातल्या आणि अख्खा नकाशा उलटा करून आखला.

कामतकाकांचं घर हे स्वतःचं असं माझं पहिलंच काम. त्याआधी तीन वर्षं अंधेरीच्या एका बड्या डिझायनर बाईंकडे राबले. ड्रॉइंग माझी, अंगावर उडालेला भुसा माझा, मासिकातल्या फोटोखाली नाव मात्र त्यांचं. नोकरी सोडली तेव्हाच ठरवलं, आता जे करीन ते अस्मिता राणेच्या नावावर. घरी बाबा नातेवाइकांना अजून सांगायचे, "पोरगी पडदे-बिडदे निवडते."

मी ओलं फडकं घेऊन रेघा पुसायला बसले.

"राहू दे ना," प्रीतम म्हणाला. "आईला दाखवतो."

त्याच्या आईनं ते खडूचं घर पायांनी फिरून पाहिलं आणि मला बोलावून एकच प्रश्न केला, "खिडकीशी बसून भाजी निवडता येईल का गं? उभं राहून कंबरेचा काटा ढिला होतो." मी तिथल्या तिथे ओट्याच्या टोकाला खिडकीखाली एक बैठी जागा आखून दाखवली. काम मला मिळालं. दोन्ही विंगांमध्ये माझीच ठोकाठोक सुरू झाली.

प्रीतम सांताक्रूझच्या ऑफिसातून थेट साइटवर यायचा. हातात वडापाव, तोंडात प्रश्न.

"हा कुठला रंग?"

"राखाडी."

"कालचाही राखाडीच होता की."

"कालच्यात पिवळा होता थोडा, ह्याच्यात निळा. नीट बघ."

"बघतोय ना... कधीपासून."

तो रंगाकडे बघत नव्हता. सुतार गालात हसायचे. आम्ही अरे-तुरेवर कधी आलो तेही कळलं नाही. कपाटांच्या लॅमिनेटचे नमुने माझ्या हातात परत देताना त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळायची, आणि मीही हात लगेच मागे घेत नव्हते. लपवायचं कशाला? मी प्रेमात पडले होते.

"अस्मिता, एक विचारू?" एकदा त्यानं विचारलंच.

"काम संपेपर्यंत नको."

"का गं?"

"लोक म्हणतील, ओळखीत मिळालं. माझे बाबासुद्धा म्हणतील."

त्यानं पुन्हा विषय काढला नाही... पण वडापाव रोज येत राहिला.

वास्तुशांतीला घर माणसांनी भरलं. बाबांनाही आमंत्रण होतं. प्रीतमची रत्नप्रभा आत्या मालवणहून आलेली. खिडकीखालच्या त्या जागेवर ऐसपैस बसून ती म्हणाली, "ह्या झकास जमलासा हां! कोणी केल्यान गो?"

प्रीतमनं माझ्याकडे पाहिलं. ते आत्यानं टिपलं.

"समाजला माका! होणारी सून ना ही? मगे काय, घरचाच काम!"

सगळे खो-खो हसले. माझं अर्धं मन सुखावलं... आणि अर्धं रडकुंडीला आलं. इतक्या महिन्यांची मेहनत एका वाक्यात 'घरचं काम' होऊन गेली होती. आता प्रीतमनं नुसतं लाजून हसायचा अवकाश, की संपलंच.

त्यानं हातातलं प्रसादाचं ताट खाली ठेवलं.

"नाही आत्या. या अस्मिता राणे, आमच्या इंटिरियर डिझायनर. आईनं यांचं काम बघूनच यांना नेमलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही." मग जरा थांबून, "आणि सुनेचं म्हणशील तर... ते मी अजून विचारलेलंच नाही."

शिरा खाणारे बाबा एकदम ताठ झाले. शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणाले, "माझी मुलगी. नकाशापासून सगळं तिचंच बरं का!"

इतका अभिमान मला माझा कधीच वाटला नव्हता. आणि त्या वेड्या प्रीतमचाही.

मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले, तसा तो हळूच मागून आला.

"काम संपलं?"

"संपलं."

"मग विचारू?"

"आधी सांग. मी 'नाही' म्हटलं, तरी लोकांना हेच सांगशील? घर मी केलं म्हणून?"

"जो येईल त्याला," तो म्हणाला. जराही न अडखळता.

"मग हो."

"अगं, अजून विचारलं कुठेय यार!"

"मला वेळ नाहीये," मी त्याचा हात धरला. "सोमवारी मुलुंडला माझी नवी साइट सुरू होतेय."