तीनशे टन पिऊन वर आलेलं जहाज

तीनशे टन तेल पोटात गेल्यावर जहाज पाण्यात खाली बसणार की वर येणार? खालीच ना? पण आमच्या समोरचं जहाज वर आलं होतं. माझ्या डोळ्यांनी बघत होते मी.

साल २०४३. जयगडच्या किनाऱ्यापासून जरा बाहेर ते क्रूझ जहाज नांगर टाकून उभं होतं. एवढं धूड पेट्रोलपंपावर कसं जाणार? म्हणून पंपच त्याच्याकडे जातो. तो पंप म्हणजे माझ्या हंसाआत्याची बार्ज (सपाट बुडाची, तेल वाहणारी बोट). तिनं समुद्राच्या बाजूनं बार्ज जहाजाला चिकटवून बांधली, जाड होसपाइप जोडला आणि तेल सोडलं. हे तेल थंडीतल्या काकवीसारखं घट्ट असतं, म्हणून आधी गरम करावं लागतं.

"आत्या, हे रोज किती पितं गं?"

"चालत असलं की शंभरेक टन. पोटात पंधराशे मावतं. तेवढ्यात तुझ्यासारख्यांच्या तीन लाख स्कूटी फुल्ल होतील."

आजचे तीनशे टन एकाच रिकाम्या, रुंद टाकीत गेले. मग आम्ही शिडीनं जहाजावर चढलो. चीफ इंजिनिअर सलढाणा साहेब तिथे होते आणि त्यांचा रोबो मापाडीही होता. टाकीच्या समुद्राकडच्या, म्हणजे आमच्या बार्जच्या बाजूच्या कडेला एक नळी होती. मापाडीनं तिच्यात पितळी वजन लावलेली पट्टी सोडली, वर ओढली, तेल कुठवर लागलंय ते पाहिलं.

"दोनशे अठ्ठ्याऐंशी. बारा टन कमी."

"माझा मीटर तीनशे दाखवतोय," आत्या म्हणाली.

"तेलात हवा फुंकली की मीटर बुडबुडेसुद्धा मोजतो."

"माझ्या आत्याला चोर म्हणतोस, डबड्या?"

"केतकी, तोंड आवर!" आत्या ओरडली.

सलढाणा साहेब कानकोंडे झाले. "हंसाबाई, मी सही नाही करू शकत. तक्रार गेली तर तुमचा परवाना जाईल, हे मला कळतंय. पण आकडा आकडा आहे."

वीस वर्षांची मेहनत, आणि एका पट्टीमुळे बुडणार! रागानं मी कठड्याशी गेले, खाली थुंकायलाच. तेव्हा तो दिसला. जहाजाच्या बुडाचा लाल रंग. सकाळी बार्ज बांधताना तो पाण्याखाली होता. आता चार बोटं वर दिसत होता.

"साहेब, जहाज वर आलंय!"

"कारण तेल आलंच नाही," मापाडी म्हणाला.

"अरे, नाही आलं तर होतं तिथेच राहील ना? वर कशाला येईल?"

मी धावत दुसऱ्या बाजूला गेले आणि बघतच राहिले. जहाजावरचे दीड हजार प्रवासी किनाऱ्याकडच्या कठड्याला चिकटलेले, हात वर, हातात फोन. तीन दिवसांनी रेंज आली होती!

"हॅलो, मम्मी? हो गं, जेवले! चार वेळा जेवले!"

मी जेवणघरातून एक परात आणली, पाणी ओतलं, आणि कडेला चमचा उभा धरला. "साहेब, हे तेल आणि ही तुमची पट्टी." मग परात पलीकडे कलवली. पाणी पलीकडे पळालं, चमच्यापाशी उथळ झालं. "पाणी कमी झालं का? नुसतं सरकलं! जहाज या लोकांच्या वजनानं कललंय."

"अशक्य," मापाडी म्हणाला. "सकाळी जहाज सरळ होतं. नोंद आहे."

"सकाळी रेंज नव्हती!"

पण पुरावा हवा होता. मी प्रवाशांकडे तोंड करून बोंबलले, "समुद्राकडे फुल्ल रेंज आहे! व्हिडिओ कॉल पण लागतोय!"

काय पळाले सगळे! एका काकांची चप्पल मागे राहिली. जहाज हळूच कुरकुरलं. मापाडीनं पुन्हा पट्टी सोडली.

"तीनशे बारा." त्याचे डोळे दोनदा मिचकले. "हंसाबाई, तुम्ही बारा टन जास्त दिलंय."

"आता परत मागू का?" आत्या म्हणाली.

साहेब हसत सुटले. त्यांनी जेवणाची घंटा तासभर आधी वाजवली. जेवणघर जहाजाच्या बरोबर मध्यावर. रेंज नाही म्हणून चिडलेले लोक जेवायला मात्र धावले. जहाज सरळ झालं, पट्टी खाली गेली, आणि आकडा आला, तीनशे.

साहेबांनी सही केली. आत्यानं कागद दोनदा वाचला, घडी घालून पदराच्या टोकात बांधला, आणि मगच खाली बसली.

"पुढच्या वर्षी आमचं नवं जहाज येतंय," साहेब म्हणाले. "शेतातल्या काडीकचऱ्यापासून बनवलेल्या मिथेनॉलवर (पाण्यासारखं पातळ, काजळी न करणारं इंधन) चालेल. फक्त तेवढंच अंतर कापायला ते दुपटीहून जास्त लागतं."

"म्हणजे दुसरी बार्ज लागेल," आत्या म्हणाली. "ती चालवणार कोण?"

मी तोंड उघडणारच होते. पण आधी बोलला मापाडी, पट्टी पुसता पुसता.

"जिला पट्टीशिवाय जहाज तिरकं झालेलं दिसतं, तिला द्या."