कोऱ्या तोंडांची आळी

पेणजवळच्या हमरापुरात गणपतीचे डोळे कुणाच्या हातचे आहेत हे जाणकाराला लांबूनच कळतं. नूतनच्या हातची डोळ्यांची आखणी तर पेणचे मोठे कारखानदारसुद्धा ओळखत. वरच्या पापणीची रेघ ती एका दमात ओढायची आणि तिचं टोक जरा वर उचलायची. त्यामुळे मूर्ती आत्ताच आपल्याकडे बघायला लागली असं वाटायचं. सीझनला चार कारखान्यांतून तिला बोलावणं यायचं. "डोळे नूतनकडनंच," असं लोक सांगून जायचे. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवायचीही नाही.

दिवाळी झाल्यावर रोह्याहून नितेश आला. धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्याची शिफ्ट ड्युटी असायची आणि उरलेला सगळा वेळ तो पेण-रोहा इतिहास मंडळाला द्यायचा. हे मंडळ दर रविवारी कुठे ना कुठे जाई. कधी बुजलेलं टाकं उपसायचं, कधी वीरगळावरची माती काढायची, कधी वाचनालयात व्याख्यान ठेवायचं. यंदा त्यांनी रोह्यातल्या जुन्या इस्रायल आळीवर, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या वस्तीवर, प्रदर्शन ठरवलं होतं.

"आळी आता राहिली नाय," नितेश म्हणाला. "घरं पाडून बिल्डिंगा झाल्या. माणसं कधीच इस्रायलला गेली. आम्हाला ती आळी माणसांसकट उभी करायची हाय. घरं आम्ही प्लायवूडची करतोय. माणसं तुम्ही शाडूची करून द्या. वीतभर उंचीची, चाळीसेक."

"फोटो हायत?"

"फोटो नाय. रेचल सिस्टर हायत."

रेचल सिस्टर रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निम्मं रोहा त्यांच्या हातावर जन्मलं, नितेशही त्यांच्याच हातचा. आळीतल्या त्या एकट्याच गावात उरल्या होत्या. नूतन त्यांना भेटायला गेली तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, ताठ, वय ऐंशीच्या घरात. चौकटीवर मेझुझा, देवाची वचनं ठेवलेली छोटी डबी, आणि आत स्टोव्हवर उकळणाऱ्या नारळाच्या दुधाचा वास. त्यांनी नूतनला खुर्ची दिली आणि आळी सांगायला घेतली. पहिलं घर कुणाचं, कुणाच्या पडवीत तेलाचा घाणा, तो घाणा शनिवारी कसा बंद असायचा आणि त्यावरून लोक आम्हाला शनवार तेली कसे म्हणायचे, ते सगळं. बोलताना त्यांचा आवाज दुपारच्या उन्हासारखा स्वच्छ होता.

"शनवार तेली म्हणून हिणवायचे काही जण. माझा बाप म्हणायचा, हिणवू दे. आख्ख्या गावात आपणच असे, की देवासाठी आठवड्याचा एक दिवस धंदा बंद ठेवतो."

निघताना त्यांनी नूतनचा हात धरला.

"एक सांगायचं हाय गो. माणसं कर, पण त्यांना तोंडं नको काढूस. आमच्यात माणसाची मूरत करत नाय. नुसती उभी राहिली तरी मी त्यांना चालीवरून ओळखीन."

नूतनला ते जरा लागलं. जिच्या डोळ्यांसाठी लोक थांबतात तिला डोळेच काढू नको म्हणायचं. पण म्हातारीचा शब्द होता. ती हो म्हणाली.

महिनाभर ती त्या माणसांवर बसली. शेडमध्ये एका बाजूला पुढच्या वर्षीचे गणपती साच्यातून निघत होते आणि दुसऱ्या बाजूला आळी उभी राहत होती. घाण्याच्या लाटेला, त्या फिरत्या दांड्याला, छाती लावलेला रेचल सिस्टरांचा बाप. कमरेवर कळशी घेतलेली आई, एक खांदा किंचित खाली गेलेली. पायरीवर बसून भोवऱ्याला दोरी गुंडाळणारा धाकटा भाऊ एलिजा आणि त्याच्या मागे दोन वेण्यांची मुलगी. ती मुलगी म्हणजे रेचल सिस्टर स्वतः. सगळ्यांची तोंडं नूतनने ओल्या बोटाने गुळगुळीत केली, अंड्यासारखी. तिचा नवरा कान्हू चहा घेऊन आला आणि बराच वेळ बघत राहिला.

"कोरी हायत तरी जिवंत वाटतात," तो म्हणाला.

"मग? हात कुणाचा हाय?" नूतन म्हणाली.

जानेवारीत टेम्पोने माणसं रोह्याला गेली. बाजारातलं एक बंद भाताचं गोदाम मंडळाने झाडून, चुना मारून घेतलं होतं. आत अजून कोंड्याचा वास होता. मध्यभागी लांबच लांब टेबलांवर आळी मांडली. नूतनने एकेक माणूस स्वतः जागेवर उभं केलं. प्रदर्शन सोमवारी उघडणार होतं आणि रेचल सिस्टरांच्या हस्ते मोठा कार्यक्रम त्यानंतरच्या रविवारी होता.

सोमवारी सकाळी नूतन कुठे तडा गेलाय का बघायला लवकर आली. घाण्यावरच्या माणसाच्या तोंडावर तिला सावली दिसली. झरोक्यातून ऊन तिरपं येत होतं. तिने मूर्ती फिरवली, सावली फिरली नाही. मधोमध बारीकसा उंचवटा होता, नाकाच्या जागी. शाडू वाळताना असं होतं कधी कधी, तिने मनाशी म्हटलं, आणि दुसऱ्या माणसाकडे वळली. त्याच्याही तोंडावर तोच उंचवटा होता.

मंगळवारी ओठ दिसू लागले होते. बुधवारी सगळ्या आळीला चेहरे होते.

शाळेची मुलं, बाजारातले दुकानदार, कोलाडहून आलेल्या बायका, सगळे वाकवाकून बघत होते. "काय चेहरे काढलेत!" असं जो तो म्हणत होता. नितेश मात्र तिला बाजूला घेऊन गेला.

"सिस्टरांना शब्द दिला होता आपण. तोंडं नको म्हणून."

"मी नाय काढली."

"मग कुणी काढली? चावी माझ्याकडं असते."

"म्हणजे मी तरी कशी काढणार?"

नितेशने खिशातली चावी चाचपून बघितली. 

दुपारी गर्दी ओसरल्यावर नूतनने भिंग मागवलं. वाळलेल्या शाडूवर काही करायचं तर माती आधी ओली करावी लागते. कोरणी लागली की तिची धार उमटते, बोट लागलं की बोटाच्या रेषा उमटतात. इथे काहीच नव्हतं. पाण्याचा डाग नव्हता, हत्याराची खूण नव्हती. आणि हात? हमरापूर, जोहे, पेण, सगळीकडचे हात तिला पाठ होते. हा हात त्यांतला कुणाचाच नव्हता. चेहरे आतून वर आल्यासारखे होते, साय धरावी तसे.

तिने बोट ओलं केलं आणि घाण्यावरच्या माणसाचा चेहरा पुसून टाकला. माती मऊ होती. नाक गेलं, ओठ गेले. बोट तिने पदराला पुसलं आणि गाडी पकडून घरी गेली.

सकाळी तो चेहरा जागेवर होता. ओठ थोडे अधिक घट्ट मिटलेले होते, एवढंच.

त्या दिवशी तिला आणखी एक गोष्ट दिसली आणि आपल्याला ती आधीच कशी दिसली नाही याचं तिला नवल वाटलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. चालणारी, पाणी आणणारी, घाणा ओढणारी, सगळी डोळे मिटून. फक्त पायरीवरची दोन मुलं उघड्या डोळ्यांनी बघत होती.

रविवारी गोदाम भरून गेलं. ठाण्याहून, मुंबईहून आळीतल्यांची नातवंडं-पतवंडं आली होती. कासूचे, नागोठण्याचे शेतकरी आले होते. आपल्या आज्याने या आळीतून तेल नेलं असं सांगायला ते आले होते. कुणी पितळी समई आणली होती, कुणी मलिद्याचं ताट. रेचल सिस्टर पांढऱ्या साडीत आल्या. नितेशने त्यांचा हात धरला होता. नूतन खांबाजवळ उभी होती.

सिस्टर टेबलावर वाकल्या. 

"बाबा," त्या घाण्याजवळ म्हणाल्या. मग पुढे सरकल्या. "आई. शिमोनकाका. ही शीरामावशी, हिच्या गालावर देवीचे वण होते. हायत." त्या आळीच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग त्यांनी नूतनकडे पाहिलं.

"हे तू केलंस?"

आजूबाजूला सगळे कौतुकाने बघत होते. हो म्हटलं असतं तर जन्माचं नाव झालं असतं.

"नाय, सिस्टर," नूतन म्हणाली. "मी तोंडं कोरीच ठेवली होती."

रेचल सिस्टरांनी तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. मग त्यांनी मान डोलावली.

"मग बरं. मग आपल्याकडनं काय चुकलं नाय."

त्या माइकपाशी गेल्या. हातात कागद नव्हता.

"लोक मला विचारतात, सगळे गेले, तुम्ही का नाय गेलात? मी सांगते, कुणीतरी इथं राहून सांगायला पाहिजे होतं. आम्ही या गावात पाहुणे नव्हतो. इथल्या दिव्यांत आमचं तेल जळलं. इथल्या बायकांची बाळंतपणं आम्ही केली. आमची माणसं या मातीत पुरलीत. या पोरांनी आज आमची आळी परत उभी केली. आता मी गेले तरी चालेल. आळी हाय."

टाळ्या थांबेचनात. कासूचा एक म्हातारा शेतकरी उपरण्याने डोळे पुसत होता. नितेशने मान खाली घातली होती. मंडळाला इतक्या वर्षांत एवढं मोठं काही मिळालं नव्हतं. नूतनही टाळ्या वाजवत होती. चेहरे कुणीही काढलेले असोत, उभं राहणं तिने दिलं होतं.

मग व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर इस्रायलमधल्या अश्दोदहून एलिजा दिसला. खुर्चीत बसलेला, हडकुळा, हसरा. नितेशने मोबाइल आळीवरून फिरवला.

"अरे, हा तर मीच," एलिजा म्हणाला. "आणि ही रेचल, माझा भोवरा पळवायला टपलेली." तो खूप हसला. मग म्हणाला, "पण रेचल, बाकीचे सगळे झोपलेत का गं? आपण दोघंच जागी दिसतोय."

रेचल सिस्टर हसत होत्या. ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून ते गेलं. त्या आळीकडे वळल्या. ओळीने एकेकाकडे बघत गेल्या.

"व्हय," त्या हळू म्हणाल्या. "दोघंच."

लोकांनी आग्रह केला म्हणून प्रदर्शन आणखी आठवडाभर चाललं. शेवटच्या दिवशी सकाळी नितेशने शटर वर केलं तेव्हा नूतन त्याच्यामागेच होती. हल्ली ती आधी पायरीकडे बघायची.

भोवरा मुलाच्या हातात होता. डोळे मिटलेले होते.

"नितेश."

त्याने पाहिलं.  खिशातून मोबाइल काढला, परत ठेवला.

थोड्या वेळाने रिक्षातून रेचल सिस्टर उतरल्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्या सरळ पायरीपाशी आल्या आणि बोटाच्या टोकाने त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पहाटे फोन आला एलिजाच्या मुलाचा," त्या म्हणाल्या. "त्रास नाय झाला म्हणे. झोपला."

मग त्यांनी दोन वेण्यांची मुलगी उचलली आणि नूतनच्या ओंजळीत ठेवली.

"ही तू घेऊन जा गो. मला बघवत नाय. आणि इथं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं असंही वाटत नाय."

आळी रोह्यातच राहिली. मंडळाला पालिकेने कायमची खोली दिली आणि दारावर रेचल सिस्टरांचं नाव लावायचं ठरलं. पेपरात बातमी आली. हमरापुरात लोक नूतनला थांबवून विचारू लागले. ती खरं तेच सांगायची, की माणसं माझी, चेहरे माझे नाय. लोकांना तो विनय वाटायचा.

मुलगी शेडमधल्या फळीवर होती. खाली न आखलेल्या गणपतींच्या रांगा होत्या आणि वर ती एकटी, उघड्या डोळ्यांची. रोज कामाला बसण्याआधी नूतन तिच्याकडे बघून घ्यायची. मग ब्रश उचलायची. कान्हूने एकदा विचारलं, "काय बघतेस?" ती म्हणाली, "जागी हाय ना, ते."

ज्येष्ठात आखणीची घाई सुरू झाली. त्या सकाळी रेल्वेगाडीचा आवाज वाऱ्यावर आला. नूतनने पाट ओढला, काळा रंग कालवला आणि सवयीने वर पाहिलं.

पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या.

ती स्टुलावर चढली. जवळून पाहिलं. हत्याराची खूण नव्हती. तिने रंगाचे हात तसेच ठेवून फोन लावला. बराच वेळ वाजला.

"कोण, नूतन? बोल गो." आवाज बरा होता, आनंदीही होता. "आता तुझंच नाव काढलं. नितेश येऊन गेला. दारावरची पाटी दाखवली त्यानं. माझं नाव, खाली आळीचं. काय झोकात केलीय. बाबांनी बघायला पाहिजे होती."

"तुम्ही बऱ्या हाव ना, सिस्टर?"

"मला काय झालंय? पण आज कधी नव्हं ती झोप येतेय बघ. सकाळचीच. ड्युटीवर असताना जन्मभर चुकवली, ती सगळी आज आली असेल." त्या हसल्या. "जरा पडते आता."

"नको," नूतन म्हणाली. "नका पडू. मला आळी सांगा. पहिल्यापासून सांगा. पहिलं घर कुणाचं?"

"तुला माहीत हाय की ते."

"विसरले मी. सांगा ना."

"पहिलं शिमोनकाकांचं," रेचल सिस्टर सांगू लागल्या. "त्याला निळी खिडकी. दुसरं शीरामावशीचं, तिच्या दारात अबोली..." आवाज स्वच्छ होता, पण प्रत्येक घराच्या पुढे थोडा थांबत होता. नूतनने कान्हूला खुणेनंच सांगितलं, नितेशला फोन लाव, सिस्टरांच्या घरी जा म्हणावं. तो बाहेर पळाला.

"आणि तिसरं?" ती म्हणाली.

"तिसरं आमचं."

नूतन फळीसमोर उभी होती. मातीच्या त्या दोन पापण्यांच्या मधे आता एका केसाच्या ब्रशने ओढावी एवढीच फट होती, आणि रेचल सिस्टर अजून बोलत होत्या.