अकराव्या टाकीतला आंबा

सलग तिसऱ्या दिवशी वाळण खाडीच्या काठाला मेलेले बोय मासे लागले होते. आणि सलग तिसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगणारा पहारेकरी यंत्रमानव भोंग्यातून सांगत होता, "आजचे पाणी निर्दोष आहे."

अकरा वर्षांची उर्मी काठावर उभी होती. शेजारी हिरामावशी मेलेले मासे टोपलीत भरत होती. हिरामावशी साठीची. सन २०५३ मध्ये या खाडीत होडी घालणारी ती एकटीच कोळीण उरली होती.

"मावशी, यांचं काय करणार?"

"पुरणार. दुसरं काय? प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात नेऊन दाखवले, तर ते या तरंगत्या डब्याची चिठ्ठी पुढे करतात. म्हणे पाणी निर्दोष! मग मासे काय हौसेनं मेले?"

उर्मीने यंत्रमानवाला हाक मारली. "तू पाण्यात काय काय तपासतोस?"

"आम्ल, लोह, विरघळलेला प्राणवायू आणि तापमान. माझ्या यादीत चार गोष्टी आहेत."

"आणि यादीत नसलेलं काही पाण्यात असलं तर?"

"ते मला दिसत नाही," यंत्रमानव म्हणाला. "यादी डॉक्टर सदानंद मयेकर यांनी मंजूर केली आहे."

हिरामावशीने उर्मीकडे पाहिले आणि मान फिरवली. डॉक्टर मयेकर म्हणजे उर्मीचे आजोबा.

उर्मी धावतच घरी आली. मागच्या खोलीतल्या छोट्या प्रयोगशाळेत आजोबा वाचत बसले होते. तिने सगळे एका दमात सांगितले. आजोबांनी चष्मा काढला. मग त्यांनी काचेचे दोन पेले काढले, दोन्हींत सौम्य आम्ल ओतले आणि एका पेल्यात बाटलीतले पिवळसर द्रव्य दोन थेंब टाकले.

"दोन्हींत एकेक खिळा सोड."

पहिल्या पेल्यातला खिळा फसफसू लागला. त्याच्या अंगावरून बुडबुड्यांची रांग निघाली. दुसऱ्या पेल्यातला खिळा शांत पडून होता.

"हे बुडबुडे हायड्रोजनचे," आजोबा म्हणाले. "आम्ल लोखंड खातंय. आता बघ, खाडीवरच्या तारांच्या कारखान्यात तारेवर जस्ताचा मुलामा देतात. त्याआधी तिच्यावरचा गंज काढावा लागतो, म्हणून तार आम्लाच्या टाकीत बुडवतात. त्याला पिकलिंग म्हणतात. आम्ल गंज खातं ते बरंच आहे. पण गंज संपला, की ते खालचं चांगलं लोखंडही खायला लागतं. म्हणून टाकीत निरोधक (लोखंडाची झीज अडवणारे द्रव्य) घालतात. त्याचे रेणू लोखंडाला चिकटतात. याला अधिशोषण (पृष्ठभागाला चिकटून थर धरणे) असं नाव आहे. त्या थरातून आम्ल लोखंडापर्यंत सहसा पोचत नाही."

"दुसऱ्या पेल्यात ते आहे?"

"हो. एन-बारा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी बनवलं."

उर्मीचा चेहरा उजळला. पण आजोबांचा तसाच राहिला.

"कारखाना बाहेर सोडायच्या पाण्यात चुना घालून आम्ल मारतो. पण एन-बारा चुन्याने मरत नाही. खाडीत जातं. जे लोखंडाला चिकटतं, ते माशांच्या कल्ल्यांनाही चिकटतं. मासा पाण्यात असून गुदमरतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आधी नव्हतं. नंतर शंका आली. यादी माझ्यासमोर सहीला आली, तेव्हा तिच्यात एन-बारा हे पाचवं नाव लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. माझं एवढं नाव झालं होतं, ते खाली यावं, असं वाटलं नाही."

उर्मी उठली आणि निघून गेली. दोन दिवस ती आजोबांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दारात येऊन तिने विचारले, "चिकटेल, पण मारणार नाही, असं काही नसतं का?"

"असू शकतं. झाडांत शोधायला हवं."

"झाडातलं म्हणजे चांगलंच ना?"

"मुळीच नाही. विषारी धोत्राही झाडच आहे. तपासल्याशिवाय कशालाच चांगलं म्हणायचं नाही. मी तेच केलं नव्हतं."

गावाबाहेर आमरसाच्या कारखान्यामागे आंब्याच्या सालींचे ढीग कुजत पडत. दोघांनी तिथून ताज्या साली आणल्या, वाळवल्या, कुटल्या आणि गरम पाण्यात उकळून अर्क काढला. मग सारख्या मापाच्या पोलादी पट्ट्या अगदी नाजूक काट्यावर तोलून सहा तास आम्लात ठेवल्या, धुतल्या, वाळवल्या आणि पुन्हा तोलल्या.

नुसत्या आम्लात पट्टीचे वजन २५० मिलिग्रॅमने घटले. आंब्याचा अर्क घातलेल्या आम्लात ३० मिलिग्रॅमने. म्हणजे अडीचशेपैकी दोनशेवीस मिलिग्रॅम लोखंड वाचले.

"अठ्ठ्याऐंशी टक्के!" उर्मी ओरडली. "पण आजोबा, साल लोखंडाला चिकटते कशी?"

"सालीत टॅनिनसारखी (तुरट चवीची) द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूंत ऑक्सिजनचे अणू आहेत. त्या अणूंकडे इलेक्ट्रॉनच्या मोकळ्या जोड्या असतात. लोखंड त्या जोड्यांत वाटा घेतं, आणि रेणू तिथेच धरून बसतो. कच्ची सुपारी चावल्यावर जीभ आखडते ना? तिथेही अशीच द्रव्यं चिकटलेली असतात."

मग त्यांनी आम्ल साठ अंशांपर्यंत तापवून पाहिले. आकडा एकाहत्तरवर घसरला. उष्णतेने रेणूंची पकड सुटत होती. उर्मी हिरमुसली, पण तो आकडाही तिने वहीत लिहिला.

आजोबा ती वही घेऊन तारांच्या कारखान्यात गेले. एन-बारा अठ्ठ्याण्णव टक्के काम करते आणि कढत आम्लातही टिकते, असे तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितले. आंबा वापरायचा तर आम्ल कोमट ठेवावे लागेल, ते गंज हळू काढेल आणि प्रत्येक तार दहा मिनिटे जास्त बुडवावी लागेल. दहा मिनिटे कोण थांबणार? तेव्हा आजोबांनी एन-बाराबद्दलचा आपला कबुलीजबाब टेबलावर ठेवला आणि त्याची प्रत प्रदूषण तपासणाऱ्यांकडे धाडल्याचे सांगितले. महिन्याभराने कारखान्याने अकरा टाक्यांपैकी शेवटची एक टाकी आंब्यासाठी दिली. उरलेल्या दहांचा विचार वर्षानंतर होणार होता.

त्याच संध्याकाळी आजोबा हिरामावशीकडे गेले. उर्मीही सोबत होती. त्यांनी उभ्यानेच सगळे सांगितले. हिरामावशी जाळ्याची गाठ सोडवत ऐकत राहिली.

"माझे दोन्ही मुलगे शहरात दुसऱ्यांच्या इमारती राखतात," ती म्हणाली. "पोहायला शिकायच्या आधी वल्हं मारायला शिकलेले मुलगे. डॉक्टर, हे वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर?"

"सांगायला हवं होतं."

"बसा म्हणणार नाही मी तुम्हाला."

"नका म्हणू," आजोबा म्हणाले. "एक मागायला आलोय. वरच्या ओढ्यातली बोयची जिवंत पिल्लं हवीत. अकराव्या टाकीचं पाणी त्यांच्यावर तपासायचंय."

हिरामावशी पुन्हा जाळ्याच्या गाठीकडे वळली. पण सकाळी ती पिल्लांची बादली घेऊन दारात उभी होती.

काचेच्या दोन पेट्या मांडल्या. एकीत जुन्या टाक्यांचे, चुना घालून सोडलेले पाणी. दुसरीत अकराव्या टाकीचे, तसेच चुना घातलेले. दोन्हींत सारखेच ओढ्याचे स्वच्छ पाणी मिसळले आणि दहा दहा पिल्ले सोडली. पहिल्या पेटीतली दुपारपर्यंत तोंड वर काढून धापा टाकू लागली. दुसऱ्या दिवशी त्यांतले एकही उरले नाही. उर्मी ती बाहेर काढताना रडली, पण आकडा चुकला नाही. दुसऱ्या पेटीत चौथ्या दिवशी नऊ पिल्ले पोहत होती.

हिरामावशी पेटीसमोर उकिडवी बसली. बराच वेळ तिने बोट काचेला लावून ठेवले. पिल्ले बोटाभोवती जमली.

"अकराच्या अकरा टाक्यांत हे घातलं, तर खाडीत पुन्हा पहिल्यासारखे बोय कधी येतील?" तिने विचारले.

आजोबा म्हणाले, "गाळात अठ्ठावीस वर्षांचं एन-बारा मुरलंय. ते हळूहळूच तुटणार. पंधरा वर्षं. कदाचित वीस. खात्रीने नाही सांगता येत."

हिरामावशीने मनातल्या मनात हिशोब केला आणि ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"मग ते बघायला मी काही असत नाही," ती म्हणाली. तिने रिकामी बादली उचलून उर्मीच्या हातात दिली. "तू बघ. दर वर्षी ओढ्यातून पिल्लं आणायची, खाडीच्या पाण्यात ठेवून बघायची. किती जगली ते लिहायचं. आणि खरं तेच लिहायचं."

"लिहीन," उर्मी म्हणाली.

"ये मग. पिल्लं कुठे सापडतात ती जागा दाखवते."

दोघी ओढ्याच्या वाटेला लागल्या.