टाळोबा आणि महाप्रसादाचे भोपळे

या बाळांनो, पुढे सरका. मागच्या खांबाला टेकून बसलात तर गोष्ट निम्मीच पोचेल. अजून न उजाडलेल्या एका वर्षातली गोष्ट सांगतो. ऐकताना जीव टांगणीला लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

निवळगावच्या देवळात कीर्तनाचा सप्ताह चालू होता. बुवांच्या मागे टाळ धरायला टाळोबा उभा राहायचा. टाळोबा म्हणजे यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). लय अशी पक्की, की बुवा म्हणायचे, "माझा श्वास चुकेल, पण याचा टाळ चुकायचा नाही." दहा वर्षांच्या वेणूचा तर तो जिवलगच.

त्या दुपारी वेणूचा धाकटा भाऊ चिंगू देवळामागच्या तळ्यात घसरला. टाळोबानं हातातले टाळ टाकले, पाण्यात उतरला, चिंगूला पायरीवर ढकललं, आणि स्वतः शेवाळावरून सरकत तळाशी जाऊन बसला.

चिंगू भोकाड पसरून रडत होता, म्हणजे ठीक होता. पण टाळोबा? खोल पाण्यातून त्याच्या छातीवरचा हिरवा दिवा तेवढा दिसत होता.

"आजोबा, तो वर का येत नाही?" वेणूनं विचारलं.

त्र्यंबकआजोबांनी उभा जन्म जहाजं बांधण्यात घालवला होता. टाळोबाही त्यांनीच जोडलेला. ते म्हणाले, "पाय बंद पडलेत गं. हात चालताहेत. दिवा पिवळा झाला, की पाणी आत झिरपायला लागलं समज. तांबडा झाला, की ते स्मृतिपेटीत (आठवणी साठवायच्या पेटीत) शिरलं."

मुरारीकाका गावातले एकमेव पाणबुडे. त्यांनी बुडी मारून टाळोबाच्या खांद्याला दोर बांधला. काठावरून सगळ्यांनी ओढला, तर टाळोबा काठाच्या तिरक्या दगडाखाली सरकायला लागला, म्हणून दोर सैल सोडला. त्याला सरळ वर उचलायला हवं होतं. तालुक्याचं बचावयान निघालं होतं, पण ते पोचेपर्यंत संध्याकाळ झाली असती.

वेणूची नजर महाप्रसादाच्या मांडवाकडे गेली. तिथे एकाच मापाच्या लाल भोपळ्यांचा ढीग होता. "आजोबा, तुम्ही लहानपणी पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलात ना? मग टाळोबाला भोपळे बांधले तर?"

"बांधू. पण किती? कमी पडले तर वेळ फुकट जाईल. आधी मोजू या."

त्यातलाच देवापुढे ठेवलेला एक भोपळा वेणूनं हात जोडून उचलून आणला. आजोबांनी परातीत मोठं पातेलं ठेवून ते काठोकाठ भरलं.

"काय हो त्र्यंबककाका," मांडवात रांधणाऱ्या सुंदराकाकू ओरडल्या, "पोराचा जीव वाचवणारा बुडालाय, आणि तुम्ही भोपळ्याला आंघोळ घालताय?"

"आंघोळच घालतोय, सुंदरा. माप आण."

भोपळा पातेल्यात अलगद सोडला. तो तरंगला आणि परातीत चार लिटर पाणी सांडलं.

"एक लिटर पाणी म्हणजे एक किलो," आजोबा म्हणाले. "तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी सारते. म्हणजे भोपळा चार किलोचा. आता दाब त्याला खाली."

वेणूनं दोन्ही हातांनी दाबलं. भोपळा उलटा हातांना ढकलायला लागला. आणखी दीड लिटर सांडलं.

"हातांना लागला तो जोर म्हणजे उत्प्लावक बलातला (पाणी वस्तूला वर ढकलतं त्या जोरातला) उरलेला भाग. भोपळ्याचं आकारमान (वस्तूनं व्यापलेली जागा) साडेपाच लिटर. पाणी त्याला साडेपाच किलोच्या जोरानं ढकलतं. त्यातले चार त्याच्याच वजनात गेले. उरले?"

"दीड! म्हणजे एक भोपळा दीड किलो उचलणार."

"टाळोबा साठ किलोचा. पण पाणी त्यालाही ढकलतंच. तो चाळीस लिटर जागा व्यापतो. म्हणजे आपल्याला वीस किलोच उचलायचंय."

वेणूनं बोटांवर हिशेब केला. "तेरा भोपळे कमी पडतील. चौदा!"

तेवढ्यात चिंगूच ओरडला, "दिवा पिवला!"

मुरारीकाकांनी टाळोबाच्या खांद्यांना जाळं बांधलं आणि एकेक भोपळा खाली नेऊन त्या जाळ्याखाली सोडू लागले. चौदा झाले. टाळोबा हलला नाही. मांडवात उरलेले दोन्ही गेले. तरी नाही. पाण्यावर नुसते बुडबुडे येत राहिले.

"माझा हिशेब चुकला," वेणू रडायला लागली.

"रडू नको, बघ," आजोबा म्हणाले. "बुडबुडे कशाचे?"

बुडबुडे म्हणजे हवा. हवा कुठून येतेय? वेणू एकदम सुंदराकाकूंकडे वळली. "काकू, भोपळ्याला पहिली सुरी कुणी लावली?"

आमच्याकडची जुनी रीत अशी, की अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईनं नाही, पुरुषानं लावायची. काकूंच्या हातातलं उलथनं थांबलं. "अगं, सकाळीच मुरारीभावजींनी प्रत्येकाला एकेक चीर पाडून ठेवली!"

पाण्यातून डोकं काढून मुरारीकाकांनी कपाळावर हात मारला. "मला मेल्याला ध्यानातच राहिलं नाही!"

देवापुढचा भोपळा तेवढा अखंड होता, म्हणून माप बरोबर आलं. बाकीच्यांच्या पोकळीत चिरेतून पाणी शिरत होतं. जागा तेवढीच, पण वजन वाढलेलं. मग उचलायला जोर कुठून उरणार?

"कणीक!" वेणू किंचाळली.

पुऱ्यांची घट्ट कणीक आली. भोपळे वर आले, चिरा खाली करून निथळले. काकूंनी कणकेनं प्रत्येक चीर लिंपली, बुवांनी स्वतःचं उपरणं फाडून वर पट्ट्या आवळल्या. गावभर "रामकृष्णहरी" चाललं होतं, पण हात कुणाचेच थांबले नव्हते. दिव्यात तांबूस झाक दिसायला लागली.

पुन्हा एकेक भोपळा खाली गेला. चौदावा गेला. पाणी स्तब्ध. मग मधोमध एक केशरी पाठ वर आली, तिच्या शेजारी दुसरी, आणि भोपळ्यांच्या घोळक्यात टाळोबाचं डोकं.

त्या रात्री कीर्तन झालं. टाळोबानं बसूनच साथ केली; त्याचा टाळ चुकला नाही. पण वेणूनं विचारलं, "तुला तळं आठवतं?" तर तो म्हणाला, "कुठलं तळं, ताई?" थोडं पाणी शिरलंच होतं. तेवढी दुपार पुसली गेली होती.

वेणू आता म्हणते, "मी शनीच्या एका चंद्रावरच्या समुद्रात यानं तरंगवणार." आजोबा चिडवतात, "तिथला द्रव पाण्यापेक्षा हलका. तुझा भोपळा बुडेल गं!" ती म्हणते, "मग आणखी पोकळ, आणखी हलका करीन. आणि सुरी लावू देणार नाही."

तर बाळांनो, घरी भोपळा आला की आधी पाण्यात सोडा, दाबून बघा, सांडलेलं पाणी मोजा. आणि तो हातांना वर ढकलायला लागला, की टाळोबाची आठवण काढा. एका लेकराला वाचवलेलं त्याला स्वतःला आठवत नाही. ते आपण त्याच्यासाठी लक्षात ठेवू.