दोनशे तेरावी पायरी

या, जरा जवळ सरकून बसा. मन निवांत करा आणि कान इकडे द्या. कथा एका मनोऱ्याची आहे, आणि खालून द्यायच्या एका उत्तराची.

शहराच्या मधोमध तो घड्याळाचा मनोरा. तो दाखवणारी एक तरुणी रोज दुपारी पाहुण्यांना घेऊन पायथ्याशी उभी राहायची आणि बाबांनी शिकवलेली माहिती ठसक्यात सांगायची. "बांधायला एकोणीस वर्षं लागली. वरची घंटा लोकांनी दिलेली जुनी पितळी कुलपं वितळवून ओतली. आणि पायऱ्या... दोनशे तेरा!"

"दोनशे बारा," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं, तर रोज वर जाऊन घड्याळाला चावी देणारा नवा घड्याळजी. हातात हातभर लांब चावी, अंगठ्याला तेल, आणि डोळ्यांत हसू.

"तुमच्या इतिहासाला एक पायरी जास्त आहे, इतिहासबाई."

"तुमच्या पायांना एक कमी असेल!"

पाहुणे हसले. ती मात्र दिवसभर त्या हसऱ्या डोळ्यांवर चिडत राहिली... म्हणजे, चिडायचं ठरवत राहिली. मग चार महिने रोज तेच भांडण. ते मिटू नये असंच दोघांनाही वाटायचं.

एकच गोष्ट तिला खटकायची. पूर्वीचे घड्याळजी त्या अंधाऱ्या, गोल जिन्यावर मोठ्याने मोजत चढायचे. वरचा माणूस सुखरूप आहे हे खाली कळावं, म्हणून; आणि खाली कुणीतरी उभं राहून, 'मी इथेच आहे' अशा अर्थाने, प्रत्येक आकड्याला 'आहे' म्हणायचं. हा मात्र ओठ घट्ट मिटून चढायचा.

एके दिवशी तो सहज बोलावं तसं बोलला, "उद्याची चावी शेवटची. घड्याळ विजेवर जाणार. मी परवा दुसऱ्या गावी..."

'थांबा ना,' जिभेवर आलं होतं. तोंडातून निघालं, "बरं."

घरी येऊन तिने बाबांना पायऱ्यांचा खरा आकडा विचारला. उभं आयुष्य त्यांनी मनोरा दाखवण्यात घालवलेलं.

"बाराच आहेत गं."

"मग मला तेरा का शिकवलंत?"

बाबांचा आवाज खाली आला. "मोठ्याने मोजलं की वर कुणीतरी एक जास्त मोजतं. पहिल्या घड्याळजीची बायको त्याला खालून उत्तर द्यायची. एकदा धुक्यात, उत्तर देता देताच, जिन्याच्या तोंडाशीच प्राण गेला बिचारीचा. तो वर वाट बघत राहिला... अजून बघतोय. मी आपला त्यालाही मोजतो. एवढंच."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धुकं उतरलं. पाहुणे आलेच नाहीत. जिन्याच्या दारात तो चावी घेऊन घुटमळत होता.

"तुम्हीही ऐकलंय ना?" तिने विचारलं.

"पहिल्याच दिवशी. अगदी कानाशी."

"तरी बारा-बारा म्हणून भांडलात?"

"तेरा कबूल केले असते, तर..." तो गोरामोरा झाला. "भांडण संपलं असतं ना!"

तिला हसूही आलं, भरूनही आलं. "आज मोठ्याने मोजा. मी खाली उभी आहे."

"एक..."

"आहे."

आवाज वर वर जात बारीक होत गेला.

"दोनशे बारा..."

"आहे!"

मग जिन्यातून गारवा खाली सरकत आला, आणि त्याच्यामागून एक सुकलेला, म्हातारा आवाज.

"दोनशे तेरा..."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळावं? पण मग कालचं 'बरं' आठवलं. वेळेवर न दिलेलं उत्तर माणसाला किती काळ उभं ठेवतं! तिने देवाचं नाव घेतलं, हात जोडले.

"आहे! या आता खाली."

पावलं वाजू लागली. संथ, दमलेली. एकेक वळण उतरत ती तिच्या अगदी जवळून गेली. जुन्या तेलाचा वास आला, दारातलं धुकं पडद्यासारखं बाजूला झालं आणि पुन्हा मिटलं.

मागोमाग घड्याळजी धावत उतरला, पांढराफटक.

"माझ्या शेजारून कुणीतरी... तू ठीक आहेस ना?" 'तुम्ही'चं 'तू' झालेलं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"ठीक आहे."

तो जिन्यावरच बसला. चावीशी चाळा करत म्हणाला, "या शहरात बिघडलेली घड्याळं पुष्कळ असतील. मी इथेच राहिलो... आणि रोज घरी येऊन दारातून हाक मारली, तर उत्तर द्यायला—"

"आहे," ती म्हणाली. त्याला वाक्यही पुरं करू दिलं नाही.

आता ती पाहुण्यांना दोनशे बारा सांगते, आणि बाबा त्यावर भांडत नाहीत. तुम्ही मात्र एवढं करा. कधी असा जिना चढलात, तर वर पोचल्यावर घटकाभर थांबा आणि पहिल्या घड्याळजीच्या त्या बायकोची आठवण काढा, जिचं शेवटचं 'आहे' ओठांवरच राहून गेलं.