खालचा हात

पलटणीचं निशाण जीर्ण झालं की नवं भरायला यायचं ते शिंपीखान्याच्या मागच्या खोलीत, जरवाल्या ताईकडे. तिच्या आईनेही आयुष्यभर हेच केलं. मोठ्या लाकडी चौकटीवर रेशमी कापड ताणायचं आणि पलटणीने जिंकलेल्या लढायांची नावं एकेक करून जरीत भरायची. त्या सकाळी मेजर स्वतः यादी घेऊन आले. पलटणीचा इतिहास आणि वंशावळ त्यांनीच लिहिली होती.

ताईने यादी वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुलाची लढाई पहिल्या पलटणीच्या नावावर? पुलावर दुसरी पलटण होती, साहेब."

"दुसरी पळाली. म्हणून तर मोडीत काढली. पळपुट्यांची वंशावळ कोणी लिहितं का?"

"माझा भाऊ होता तिच्यात."

"माहीत आहे," मेजर म्हणाले. "परवा दुपारी न्यायला येतो."

माहीत आहे म्हणे! ताईलाही बरंच माहीत होतं. पुलाच्या लढाईच्या दिवशी पहिल्या पलटणीचे कोट याच खोलीत बटणं लावायला आले होते. मागे फिरायचा निरोप देऊन ज्याला पुलावर धाडलं, तो तरुण अधिकारी इथेच स्टुलावर चहा पीत आपल्या कोटाची वाट पाहत बसला होता. निरोप पोचलाच नाही; शत्रूला अडवून धरलेली दुसऱ्या पलटणीची माणसं पुलासकट नदीत गेली. तोच पुढे मेजर झाला, आणि तिची आई 'पळपुट्याची आई' म्हणूनच गेली. चोर तो चोर, वर शिरजोर!

काम नाकारून उपयोग नव्हता. दुसऱ्या कोणी ते मुकाट्याने केलं असतं. ती बसली.

चौकटीवरच्या कामाला दोन हात लागतात. वरचा हात सुई खाली देतो, कापडाखालचा हात ती घेऊन परत वर पाठवतो. लहानपणी हा धाकटा भाऊ चौकटीखाली बसून तो खालचा हात व्हायचा. डावरा होता, त्याचा टाका नेहमी उलट्या बाजूला कलायचा. आई ओरडायची आणि ही दोघं खिदळायची.

लख्ख उन्हात ताईने पुलाच्या नावाचा पहिला टाका खाली दिला आणि खालचा हात पुढे केला. सुई तिथे नव्हती. ती वर आली होती... आपोआप. ओली.

तिने वाकून पाहिलं. खाली कोरडी फरशी होती. नदीच्या गाळाचा वास मात्र नाकात बसला. ती घाबरली, खोटं कशाला सांगा. पण तिच्या रागाने भीतीला दारातच अडवलं.

"धाकट्या...?"

सुई पुन्हा वर आली.

दोन दिवस काम असंच चाललं. चौकट उलटून मागची बाजू पाहायचा धीर मात्र तिला झाला नाही.

तिसऱ्या दिवशी मेजरांनी जरीवरून बोट फिरवलं. "छान. मागची बाजू बघू."

दोघांनी चौकट उलटली. मागे काळ्या दोऱ्यात नावं भरलेली होती. ताईने मोजली, त्रेचाळीस. पुढच्या रेशमावर त्यांची खूणसुद्धा उमटली नव्हती. त्यातलं एकच नाव तिच्या ओळखीचं होतं. सगळे टाके उलट्या बाजूला कललेले. शेवटी चव्वेचाळिसाव्या नावाचं अर्धंच अक्षर, आणि तिथून दोरा कापडाखाली गेलेला. मेजरांच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव त्याच अक्षराने सुरू होत होतं.

"हा काय चावटपणा आहे? उसवा हे!"

"मला कुठून माहीत असणार ही नावं? तुमच्या पुस्तकात तर एकही नाही."

"मीच तोडतो!" मेजरांनी सुई ओढायला चौकटीखाली हात घातला, आणि ते तसेच थांबले.

"बाई... खाली कोण आहे?"

ताईने चौकट घट्ट धरून ठेवली.

"धरलाय... हात धरलाय कुणीतरी... कात्री घ्या. दोरा कापा... लवकर!"

कात्री तिच्या मांडीवरच होती. तिने ती उचलली नाही.

"निरोप मिळाला, साहेब," ताई म्हणाली.

कापड हललं. काळा, निथळता दोरा घेऊन सुई वर आली. ताईने ती लहानपणी घ्यायची तशीच दोन बोटांत धरली आणि अक्षराच्या पुढच्या वळणावर पुन्हा खाली दिली.

खालून ती कुणीतरी लगेच घेतली.